जुन्या लाईनचा जिना

हे मी देवघरासमोर बसून लिहिते आहे. इथे बसून मी खोटं बोलत नाही.

गेल्या वैशाखातला गुरुवार. दुपारचे सव्वादोन. भरदिवसा, भरगर्दीत घडलेलं आहे हे. जंक्शनचं नाव लिहीत नाही. वऱ्हाडातलंच आहे, आणि तिथे गाडी बदलायला अख्खी गाडी रिकामी होते.

गुरुवारी मी मौन पाळायचे. सकाळच्या पूजेपासून दिवेलागणीपर्यंत. बावीस वर्षं, एकही शब्द नाही.

सोबत बहिणीची मुलगी होती, अपेक्षा. तेल्हाऱ्याहून निघालो होतो. अमरावतीला राजापेठेत तिच्या क्लासची ॲडमिशन होती. एकटीला पाठवायचा बहिणीला धीर होत नव्हता, म्हणून मी. वाटभर पोरीनं माझी थट्टा केली. म्हणे, मावशी, तुले आज टीसीनं पकडलं तं काय करशीन? मी नुसती हसले.

आमची गाडी उशिरा पोचली. पुढची सुटायला सात मिनिटं. सगळ्या डब्यांतली माणसं पुलाकडे धावली. तिथे रोज असंच असतं. कोणी कोणाकडे पाहत नाही.

पुलाच्या मध्यावर एक जिना बंद आहे. पूर्वी तिथून उतरलं की छोट्या लाईनची गाडी मिळायची. ती लाईन गेली. आता पायथ्याशी मालगाड्या धावतात. जिन्याच्या तोंडाला पत्रा ठोकलेला असतो.

त्या दिवशी पत्रा सरकलेला होता...

अपेक्षा पुढे. मी दहा पावलं मागे, दोन्ही हातांत पिशव्या.

आणि त्या फटीतून आवाज आला...

"अपेक्षा, इकून चाल. इकून जवळ पडते."

माझा आवाज होता.

माझे ओठ मिटलेले होते.

"मावशी, मौन सोडलं का तू?" पोरगी हसत म्हणाली आणि पत्र्याआड शिरली.

मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण एक क्षण... फक्त एक क्षण, मला माझी बावीस वर्षं आठवली.

मग तोंड उघडलं.

आवाज निघाला नाही.

खालून पहिला दणका ऐकू आला...

मी फटीतून पाहिलं. अपेक्षा उताणी पडली होती. तिची वेणी खालच्या बाजूला ताठ ताणलेली होती. टोकाला कोणी नव्हतं. तरी ती खाली ओढली जात होती.

ठक... ठक... प्रत्येक पायरीवर डोकं आपटत होतं. पायऱ्या लाल होत गेल्या.

तिनं कठड्याची सळई धरली. असा हिसका बसला की बोटं सुटली आणि दोन नखं तिथेच राहिली.

मालगाडीची शिट्टी वाजली.

शेवटच्या पायरीवर वेणी मुळापासून उपटून निघाली. म्हणूनच पोरगी वाचली. गाडी हातभर अंतरावरून धडधडत गेली.

मी धावत पोचले. मला पाहिलं आणि ती किंचाळली. रक्तानं माखलेली ती पोर माझ्यापासून लांब सरपटत गेली.

पुलाखाली उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या पार्बताबाईंनी तिच्या डोक्याला आपला पदर फाडून बांधला. मग हळू आवाजात सांगितलं. त्या लहान असताना एका सासूनं सुनेला वेणीला धरून याच जिन्यावरून फरफटत नेलं होतं आणि इंजिनाखाली ढकललं होतं. पूल माणसांनी भरलेला होता. कोणी साधी हाक मारली नाही. सगळ्यांना पुढची गाडी गाठायची होती.

मी खुणेनं विचारलं, आज कोण होतं?

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"बाई, तुमीच तं ओढून राहिल्या होत्या."

पिशव्या वर पुलावर पडल्या होत्या. माझी उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. उघडली...

आत केस होते. कातडीसकट.

अपेक्षाला सव्वीस टाके पडले. ती आजही म्हणते, मावशीनंच ओढलं. बहीण तिला गप्प करते. पण मला चहा देताना कप खाली ठेवते, हातात देत नाही.

मी आता गुरुवारी पोथी मोठ्यानं वाचते. आवाज माझाच आहे ना, ते ऐकत राहते.

परवा अपेक्षाच्या धाकट्या बहिणीच्या, आकांक्षाच्या परीक्षेचा विषय निघाला. सेंटर अमरावतीचं. गाडी तिथेच बदलावी लागणार. सोबत कोण जाईल, भाऊजींनी विचारलं.

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी जाते, असं मीही म्हटलं नाही.