दोन सेकंद

नगरच्या एमआयडीसीत दिपालीची आणि कानिफनाथची गाठ पडली ती चुकून. त्याला जायचं होतं स्टोअरमध्ये, शिरला तिच्या मोजणीच्या खोलीत.

"इथं बूट काढून येतात," मायक्रोमीटरवरची नजर न काढता ती म्हणाली.

"काढले असते… पन मोजा फाटलाय."

तिला हसू आवरेना. मग स्टोअरची वाट त्याला रोजच सापडेनाशी झाली.

कारखान्यात पोलादाची भुकटी मेणात कालवून साच्यात दाबत आणि तिची इवली दातेरी चाकं भट्टीत भाजत. भट्टीत मेण जाई, चाक आक्रसून टणक होई. साच्याचं मशीन कानिफनाथकडं, भट्टी सूर्यभानकाकांकडं, शेवटचं माप दिपालीकडं.

श्रावणात चाकं लहान भरू लागली. फरक केसाएवढा, पण चार हजार चाकं भंगारात गेली. भट्टी जादा तापवल्याचा ठपका ठेवून साहेबांनी सूर्यभानकाकांना घरी बसवलं. म्हातारा डबा उचलून निघाला.

दिपालीला ते पटेना. तिनं न भाजलेली चाकं तोलून पाहिली. हलकी होती! तिनं कानिफनाथला बोलावलं.

"साच्यात माल कमी बसला की चाक भट्टीत जास्त आक्रसतं. मशीनचा दाब कमी केलात?"

बाहेर पत्र्यावर सर वाजत होती.

"दाब तेवढाच हाय. धरून ठेवायची वेळ… दोन सेकंद कमी केली मी. नग जास्त निघत हुते. सुपरवायझर झालो असतो, तर तुमच्या घरी विचारायला आलो असतो."

हे ऐकायची तिनं किती वाट पाहिली होती — आणि ते असं ऐकावं लागलं!

"साहेबांना सांगू?" त्यानं विचारलं.

"माझ्या सांगण्यावरून नको."

तो वळला आणि साहेबांच्या केबिनकडं गेला.

दुसऱ्या दिवशी सूर्यभानकाका कामावर आले. कानिफनाथची नोकरी गेली. तो फाटकाबाहेर पडला, तेव्हा दिपाली भिजत धावत आली.

"चाकणला काम बघतो," तो खाली बघत म्हणाला. "आता तुमच्याकडं कोणत्या तोंडानं येऊ?"

"याच. रविवारी राजूरला आमच्या घरी या, वडील असतात."

"आन् त्यांनी विचारलं, पोरगा काय करतो?"

"नोकरी गेली म्हणा. का गेली, तेही सांगा." तिनं तोंडावरचं पाणी निपटलं. "पुढचं मी सांगेन."