माझ्यापुढचा ढीग

पहिल्याच रविवारी तो माझ्या खुर्चीत बसला होता.

"नऊ नंबर माझा," मी म्हणाले.

त्यानं हातातली चिठ्ठी पाहिली. उलटी धरली होती, सहाचा नऊ झाला होता! "अरेच्चा… माफ करा हं," म्हणत तो लाजून उठला. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, आणि आकडा उलटा वाचतो! मी हसले, आणि तिथंच फसले.

चार महिने दर रविवारी आम्ही क्लबात पोकर खेळलो. आज स्पर्धेची अंतिम फेरी होती, टेबलावर आमच्याशिवाय आणखी तिघे होते. माझ्यापुढे चिपांचा ढीग, त्याच्यापुढे जेमतेम दोन थर. स्पर्धेत चिपा संपल्या की माणूस बाहेर, नव्या मिळत नाहीत. मोठ्या ढिगाचा फायदा इथंच. मला एक डाव हरणं परवडतं, त्याला नाही. अशा वेळी समोरच्याला दाबायचं असतं.

त्यानं सगळ्या चिपा लावल्या. माझ्या हातात एक्क्यांची जोडी, सगळ्यात भारी पानं… आणि मी ती पालथी टाकून डाव सोडला. हातच धजेना मेला!

"चांगली पानं आली की तुझा हात कानातल्याकडे जातो," तो हळूच म्हणाला. "आत्ताही गेला."

पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला, तेही रागानं.

"तुम्ही बाहेर गेला असता…"

"मग गेलो असतो की! कीव नको मला. पुन्हा असं केलंस, तर तुझ्यासमोर कधीच बसणार नाही."

 स्पर्धा गेली खड्ड्यात, मला हा माणूस गमवायचा नव्हता.

तीन डावांनी त्यानं पुन्हा सगळं लावलं. माझ्याकडे राण्यांची जोडी होती. सोडलं तर तो टेबलावर राहील, पण माझ्याशी बोलणार नाही. डोळे भरून आले, तरी मी चिपा पुढे सरकवल्या.

त्याच्याकडे एक्का आणि दहा. टेबलावर मधे उघडलेल्या पाच पानांत त्याच्या कामाचं एकही निघालं नाही, तो स्पर्धेबाहेर गेला. तो उठला, कोट उचलला. संपलं सगळं, मला वाटलं.

पण तो माझ्या खुर्चीमागे येऊन थांबला. "वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू?" तो म्हणाला. "पण खरं खेळलीस."

"मला तुम्ही आवडता," मी बोलून गेले. "फार."

 त्यानं कोट पुन्हा खुर्चीच्या पाठीवर ठेवला, माझ्या खुर्चीच्या.

"खेळ तू," तो म्हणाला. "मी आहे इथंच."