सागदऱ्यातलं कोरं झाड

जीवन राठोडनं मोहाच्या खोडावर एकशे सतरा हा आकडा काढला, ब्रश डब्यात बुडवला, आणि झाड म्हणालं,

“सात वाकडा आला.”

जीवन दारव्ह्याचा पेंटर. अकरा वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या, त्यामुळे टीका त्याला नवी नव्हती. पण ती आजवर गिऱ्हाइकाकडून यायची, पाटीकडून नाही. तो दोन पावलं मागं सरला. खोडामागून आधी एक बांबूची टोपली आली, मग पिवळी ओढणी, मग एक मुलगी. टोपली मोहफुलांनी अर्धी भरलेली. चैत्रातली सोमवारची सकाळ, आणि हवेला असा गोड, आंबूस वास की माणसाला उगाचच कुणाशी तरी बोलावंसं वाटावं.

“सातले काय झालं?” जीवन म्हणाला.

“मान मुरगाळल्यावानी दिसून राह्यला. तू कोन?”

“पेंटर. तू?”

“ज्याच्यावर लिहून राह्यला, त्याची मालकीन.”

“हे तर जंगलाचं झाड हाये.”

“मंग मी काय दुकानातली हावो?”

तिचं नाव ममता टेकाम. सागदरा पोडातली, म्हणजे तिथल्या कोलामांच्या वस्तीतली. पांढरकवड्याच्या कॉलेजात बी.ए. झालेली आणि ग्रामसभेची सचिव. पोडात एवढा अधिकार दुसऱ्या कुणाकडे नव्हता, आणि तो आपल्याकडे आहे हे ती विसरू देत नसे.

“काहून मोजून राह्यले झाडं?” तिनं विचारलं.

“कंपनीनं सांगतलं.”

“मोजून काय करन?”

“मोजून... मोजन ना.”

खरं काय ते दोघांनाही ठाऊक होतं. एका कंपनीला सागदऱ्याच्या जंगलाखाली चुनखडी सापडली होती. चुनखडी खाली आणि जंगल वर, हा निसर्गाचा गबाळेपणा कंपनीला दुरुस्त करायचा होता. त्यासाठी आधी झाडांना नंबर, मग कुऱ्हाड. फ्लेक्स आल्यापासून जीवनच्या ब्रशला काम नव्हतं, म्हणून ठेकेदारानं बोलावलं तसा तो आला. मजकुराची जबाबदारी लिहिणाऱ्यावर नसते, असा त्याच्या धंद्याचा नियम. या नियमावर त्यानं तीन निवडणुका रंगवल्या होत्या.

“कंपनीनं सरकारले लिहून देल्लं,” ममता म्हणाली, “का जंगल निर्मनुष्य हाये. इथं कोनी येत नाही, काही वेचत नाही. शुक्रवारी सरकारचे साहेब पाहाले येते. ते जंगल पाहून गेले अन् ‘हो, निर्मनुष्यच हाये’ म्हनले, तर आमी कुठं जाचं?”

“तू दिसशीन ना त्यायले.”

“मी एकटी किती ठिकानी दिसू?”

जीवनला वाटलं, सगळीकडे दिसायला हरकत नाही.

मग तिनं त्याला फिरवलं. पोडात मोह घरागणिक वाटलेले. हे टेकामांचं, ते पोडाच्या प्रमुखाचं, बळीराम नाईकाचं, ओढ्याकाठचं म्हाताऱ्या नानीबाईचं, तिच्या सासूकडून आलेलं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. कागद कुठंच नाही; सगळं डोक्यात.

“साहेबाले डोक्यातलं वाचता येत नाही,” जीवन म्हणाला.

“म्हनूनच तर.” ती थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “नंबरावाचून दुसरं काही लिहिता येते का तुले?”

पेंटरला असं विचारायचं नसतं. त्याच दुपारी जीवननं कंपनीचा तेलरंग ठेकेदाराच्या गाडीत परत ठेवला. त्या रंगानं खोडाची साल जळते, असं ममता म्हणाली होती. तिनं गेरू दिला, चुना दिला, रंग धरावा म्हणून धावड्याचा डिंक भिजवून दिला. आणि सागदऱ्यात नंबरांच्या जागी नावं उमटू लागली.

अर्ध्या पोडाला वाचता येत नव्हतं, म्हणून नावाखाली प्रत्येकाची खूण. इथं काम लांबलं. पोडातल्या फकिराला आपली सायकल हवी होती, आणि तिला नसलेली घंटीही. नानीबाईनं वाघ मागितला.

“वाघ कायले, आजी?”

“माह्या मोहाखाली बसला होता एक डाव. म्या म्हनलं, ऊठ बाप्पा, फुलं वेचाची हायेत. उठला.”

जीवननं वाघ काढला. म्हातारीनं बराच वेळ पाहिला. “तो यापरीस शहाना होता,” ती म्हणाली.

ममता गेरू कालवायची आणि चुका काढायची. जीवन मुद्दाम एखादी वेलांटी चुकवायचा, कारण ती दाखवायला तिला जवळ यावं लागे. तिसऱ्या दिवशी तिच्या हे लक्षात आलं. चौथ्या दिवशी तिनं लांबूनच सांगितलं, “वेलांटी नीट काढ.” आणि तरीही जवळ आली.

एक घोळ मात्र पेंटरनंच करावा असा झाला. काम संपलं की खाली कोपऱ्यात ‘जीवन आर्ट्स, दारव्हा’ आणि मोबाइल नंबर टाकायचा, ही हाताची सवय. शंभरेक झाडांवर त्यानं तो इमानानं टाकला. गुरुवारी ठेकेदारानं झाडं पाहिली, नंबर वाचला आणि फोन लावला. एवढ्या वर्षांत सही वाचून आलेला तो पहिला फोन. त्यात त्याला कामावरून काढण्यात आलं.

“आता?” ममतानं विचारलं.

“आता मी मोकळा हावो.”

तेवढ्यात अवकाळी आली. दोघं रंगाचे डबे झाकायच्या ताडपत्रीखाली शिरले. ताडपत्री एका माणसापुरती होती, ही तक्रार कुणीच केली नाही. समोर बळीराम नाईकाच्या मोहावरून पाणी ओघळत होतं. उद्या साहेब, आणि आज हा पाऊस. ममताचा श्वास अडकलेला. जीवनचाही, पण निम्मा इतर कारणानं.

“धरन का?” तिनं हळूच विचारलं.

“डिंक तुहा हाये. धरन.”

पाणी उतरलं. नाव तिथंच होतं, उलट उजळून. ममतानं श्वास सोडला, आणि तिचा हात जीवनच्या मनगटावर आहे हे दोघांच्या एकदमच ध्यानात आलं. तिनं तो काढला नाही... घाईनं तरी नाही.

“तुमच्या बंजाऱ्यायच्या तांड्यातही नायक असते ना?” ती पावसाकडे पाहत म्हणाली.

“असते.”

“मंग आमचा नाईक तुमच्या नायकाशी बोलन.”

“कशाबद्दल?”

“रंगाबद्दल.”

शुक्रवारी साहेब आले. चष्मा, टोपी, पंचनाम्याची वही. सोबत कंपनीचा माणूस, जंगलात येताना पांढरे बूट घालण्याइतका आशावादी. साहेब झाड वाचत पुढं जायचे, थांबायचे, पुन्हा वाचायचे. सायकलीपाशी हसले.

“सर, हा रंग चार दिवसांचा आहे,” कंपनीचा माणूस म्हणाला. “नावं कुणीही लिहील.”

“मुद्दा बरोबर आहे,” साहेब म्हणाले.

ममताचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली, “साहेब, नानीबाईले वाचता येत नाही. डोळे बांधा अन् तिचं झाड विचारा.”

नानीबाईच्या डोळ्यांवर साहेबांचाच रुमाल बांधला. म्हातारी काठीनं वाट चाचपत निघाली. ओढा ओलांडला, सात झाडं टाकली, आठव्याला हात लावला. “हेच. माह्या सासूचं.” खोडावरून वाघ तिच्याकडे पाहत होता. साहेबांनी बराच वेळ लिहिलं.

परत फिरताना कंपनीच्या माणसाला एक मोह सापडला. भरला, तरणा, वाटेवरच. आणि त्याच्यावर नाव नाही.

“हे बघा सर! हे तर कुणाचंच नाही. म्हणजे वाटणी वगैरे सगळी बनवाबनवी.”

साहेबांनी बळीराम नाईकाकडे पाहिलं.

“ते राखलेलं हाये,” नाईक म्हणाला. “पोडात नवं घर मांडलं का, त्या घराले मोह द्या लागते. म्हनून एक नेहमी कोरं ठेवतो. या पेंटरले म्याच सांगतलं, याले हात लावू नको.”

“असं नवं घर आहे कुठलं सध्या?” साहेबांनी लेखणी सरसावली. “नाव लागेल. नाहीतर मला ‘विनावापर’ लिहावं लागेल.”

नाईक आभाळात पाहू लागला. कंपनीचा माणूस हसला.

“लिहा,” ममता म्हणाली. “ममता टेकाम.”

“एकटीचं घर?”

तिचे कान लाल झाले. तिनं जीवनकडे पाहिलं नाही, झाडाकडे पाहिलं. “अन्... जीवन राठोड. त्याची हरकत नसन तं.”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “जीवन राठोड कोण?”

“मी,” जीवन म्हणाला. तो दोन पावलं पुढं आला. “मी हावो.”

“आपली काही हरकत?”

अकरा वर्षं दुसऱ्यांचा मजकूर लिहिलेल्या माणसानं पहिल्यांदा स्वतःचं वाक्य म्हटलं. “नाही साहेब. सोमवारपासूनच नाही.”

“सोमवारची तारीख किती?” साहेबांनी विचारलं आणि तीही नोंदवली. पानाच्या शेवटी त्यांनी लिहिलं : जंगल वापरात आहे. निर्मनुष्य म्हणता येत नाही. प्रस्ताव फेरविचारार्थ परत. मग वही मिटून म्हणाले, “फोटोला नाव लागेल. काढा आत्ताच.”

जीवननं ब्रश घेतला. तो गेरूत बुडवून खोडाजवळ नेला. ममता पाठीशी येऊन उभी राहिली. मोहाचा वास आला, की तिचा, कळायला मार्ग नव्हता.

“तुहं नाव आधी लिहू का माहं?” त्यानं कुजबुजत विचारलं.

“कोनाचंही लिही. फक्त खाली जागा ठेव.”

“कायले?”

“पुढं आनखी नावं लागतीन ना.”

ब्रश जीवनच्या हातून निसटून थेट पांढऱ्या बुटावर पडला. कंपनीच्या माणसानं खाली पाहिलं, वर दोघांकडे पाहिलं, आणि वाकून ब्रश उचलून त्याच्या हातात दिला.