ईवरची दाढ

अवकाशातल्या उड्डाणाच्या दीड महिना आधी उन्नी खाडीकाठच्या झोपडीकडे गेली होती. हिवाळा सरला की बिजागऱ्यांना तेल घालायचं आणि जळलेल्या लाकडांच्या जागी नवी रचून ठेवायची, हे दरसालचं तिचंच काम.

झोपडी तिच्या आजोबांची, हाल्दोरची. सीलच्या शिकारीसाठी त्याने तिथे अकरा हिवाळे काढले. त्याचा जोडीदार ईवर मागच्या उतारावर पुरलेला. तिकडची गोठलेली जमीन मेलेल्याला धरून ठेवत नाही, वर्षाला बोटभर वर ढकलते. यंदा त्याची शवपेटी वर येऊन तिचं झाकण फुटलं होतं. बाहेर शेवाळावर एक दाढ पडली होती, तंबाखूने तपकिरी झालेली.

ईवर हिरड्या सडून मेला. शेवटी एकच म्हणायचा, “हाल्दोर, मला ध्रुवावर ने.” हाल्दोर हो म्हणाला, पण नेलं काही नाही. म्हातारपणी ते आठवलं की तो समोरचं ताट सरकवून द्यायचा. उन्नीने ते पाहिलं होतं.

शिकाऱ्याच्या जागेवरून खिळासुद्धा न्यायचा नाही, ही तिकडची रीत. वाटाडी म्हणून उन्नीनेच ती शेकडो पाहुण्यांना सांगितलेली. पण आपण तर यानातून ध्रुवावरूनच जाणार... ती वाकली.

“दाखवते आणि परत आणून ठेवते, ईवरकाका. शब्द देते.”

दाढ तिने आजोबांच्या तंबाखूच्या डबीत ठेवली.

यानात चौघं होते. यान भाड्याने घेतलं होतं स्वेरेने, म्हणून कप्तानही तोच. पाऊण तासाला कुठला ना कुठला ध्रुव खालून जायचा. पहिल्या दिवशी चौघंही पोट उलटं होईपर्यंत ओकले. कुणाच्या तरी पिशवीतून निसटलेला पिवळा थेंब गोल गोल फिरत आला आणि स्वेरेच्या मिशीला चिकटला.

“आता तरी काढ ती मिशी,” उन्नी म्हणाली.

“बायकोने सांगून काढली नाही, तुझ्या ओकारीसाठी काढू होय?”

चौघंही हसले. आंबट वासाची त्यांना सवय होऊन गेली.

तिसऱ्या दिवशी, खाली उत्तरेचा पांढरा बर्फ आला तेव्हा, उन्नीने खिडकीशी डबी उघडली. “बघा, काका.” दाढ तरंगत बाहेर आली, काचेवर टकटक आपटली. उन्नीने ती पकडून डबीत घातली, झाकण दाबलं.

पुढच्या फेरीत वास आला. सीलची शिळी चरबी, आणि त्याखाली काहीतरी गोडसर, सडलेलं.

स्वेरेने नाक दाबलं. “उन्नी, पिशवी नीट बांध गं.”

“बांधलीय.”

“मग हे... तुझ्या तोंडातून येतंय?”

तिने आरशात पाहिलं. उजवीकडची हिरडी काळी पडून फुगली होती. जीभ लावली, तर हिरडी भिजलेल्या पावासारखी आत दबली. तोंड तपकिरी, दाट लाळेने भरलं. तंबाखू तिने कधी चाखलीही नव्हती, तरी ती चव तंबाखूचीच होती. थुंकायला पिशवी सापडेना. उरलेले तिघं तिच्याकडे बघत होते.

तिने लाळ गिळली.

त्यानंतर ध्रुव आला की तिची एक दाढ हिरडीत फिरायची. कुलपात किल्ली फिरावी, तशी. सावकाश.

यान समुद्रात उतरलं. जहाजावरच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं तोंड तपासलं.

“हिरड्या ठीक आहेत. दात सगळे जागेवर. तंबाखू कधी सोडलीत?”

“कधी खाल्लीच नाही.”

बाईंनी उड्डाणाआधीच्या तपासणीचा कागद पाहिला, पुन्हा तोंडात पाहिलं. “इथे चांदी भरलेली दाढ लिहिलीय. ही तर...” त्यांनी नकळत हातमोजे काढून टाकले आणि त्या हात धुवायला गेल्या.

उन्नीने डबी उघडली. रिकामी होती.

शब्द दिला होता, म्हणून ती पक्कड घेऊन उतारावर गेली. त्या दिवसांत तिकडे सूर्य मावळत नाही, सगळं लख्ख दिसत होतं. तिने झाकण सरकवलं. ईवरच्या जबड्यात जागा रिकामी नव्हती. तिथे चांदी भरलेली दाढ बसली होती. मुळाशी गुलाबी मांस होतं, ओलं.

तिने पक्कड आपल्याच तोंडात घातली. तपकिरी दाढ लोण्यातून निघावी तशी निघाली. दुखलं नाही, रक्तही आलं नाही. ती तिने पेटीत, त्याच्या छातीशी ठेवली.

“आणली हं परत, काका. आता झोपा.”

झाकणावर दगड रचून ती खाली आली. मन कितीतरी हलकं झालं होतं. झोपडीच्या दाराशी बूट झटकताना तिची जीभ सवयीने त्या खाचेकडे गेली.

खाच भरलेली होती, तंबाखूची चव लागत होती. आणि शेजारची दाढ सावकाश फिरत होती.