धूसर न होणारी जागा

पाटोद्याच्या बसस्टँडसमोर मंजुषाचा फोटो स्टुडिओ होता. स्थळासाठी पाठवायचे मुलींचे फोटो, शाळेची ओळखपत्रं, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे बॅनर, सगळं ती एकटी करायची आणि देखणं करायची. मागे उकिरडा असो नाहीतर उघडी गटार, मंजुषाच्या फोटोत ती दिसणार नाही, असा तिचा लौकिक होता. त्याचं श्रेय संगणकातल्या एका बटणाला होतं. ते दाबलं की सॉफ्टवेअर आपणच माणूस ओळखायचं, त्याला स्पष्ट ठेवायचं आणि बाकीचं सगळं मऊ, धूसर करून टाकायचं. कधीमधी चुकायचं. कानातलं एखादं झुबं धूसर व्हायचं, सायकलच्या चाकाच्या तारांमधून मागची भिंत तशीच स्पष्ट राहायची. त्या चुका तिच्या ओळखीच्या होत्या. ब्रश फिरवून ती दोन मिनिटांत दुरुस्त करायची.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. बाजाराच्या दिवशी रतनबाई दुकानात आली. सत्तरीची, उंच, काटक धनगरीण. हिरवं लुगडं, पायात टायरच्या वहाणा.

"मी मेल्यावर लावायचा फोटू काढ," ती म्हणाली.

मंजुषाला हसू आलं. "मावशी, एवढी काय घाई?"

"घाई न्हाई. पर माझी पोरं आधार कार्डावरचा फोटू मोठा करून भितीला लावतेली. त्यात मी चोरावानी दिसती."

मंजुषाने करड्या पडद्यासमोर स्टूल ठेवलं. रतनबाईने पडद्याला हात लावून पाहिला आणि मान हलवली. "हितं न्हाई. माळावर चल. समदी हयात तितं गेली माझी."

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला मंजुषा स्कूटी घेऊन माळावर गेली. कमरेएवढं वाळलेलं कुसळी गवत, मधेच एखादी बाभूळ, कडेला पवनचक्क्या उभ्या होत्या. विजेचा एक मनोरा नेमका मधोमध येत होता. त्याची तिला फिकीर नव्हती, बटण होतंच. तिने रतनबाईला बाभळीपासून तीस-चाळीस पावलं अलीकडे उभं केलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला. वारा पडला होता. कुसळं साडीत घुसत होती.

"हसा की मावशी थोडं."

"हसू आल्यावर हसन."

नऊ मिनिटांत तिने अकरा फोटो काढले. शेवटच्या फोटोला रतनबाई खरंच हसली. खांद्यावरचं ओझं खाली ठेवल्यासारखा तिने एक लांब श्वास सोडला आणि म्हणाली, "बास कर आता, लेकी. लई बरं वाटलं."

एवढ्यात काय बरं वाटलं, असं मंजुषाच्या मनात आलं. पण उन्हं कलायला लागली होती, ती निघाली.

सकाळी दुकान उघडून, चहा पिऊन तिने पहिला फोटो घेतला आणि बटण दाबलं. मनोरा विरघळला, पवनचक्क्या पांढऱ्या पुसट रेघा झाल्या. रतनबाई तेवढी सुरेख उठून दिसत होती. फक्त मागे, बाभळीच्या बुंध्याशी, नखाएवढा एक तुकडा स्पष्ट राहिला होता. तिने तो मोठा करून पाहिला. त्या तुकड्यात गवताची पाती एकेक मोजता येत होती. आजूबाजूला सगळं धुक्यासारखं. तुकड्याचा आकार गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसासारखा होता.

तिने ब्रश फिरवला. तुकडा गेला.

दुसऱ्या फोटोत तो तिथेच होता. तिसऱ्यात तो बाभळीपासून अलीकडे आला होता आणि उभा होता. आतमध्ये मात्र कुणी नव्हतं, नुसतं गवत. डोकं, खांदे, लोंबते हात, अशी रेघ आखून घ्यावी आणि तेवढ्यापुरतं धूसर करायचं राहून जावं, तसं.

मंजुषा भिणाऱ्यातली नव्हती. कामाचा माणूस करतो तेच तिने केलं. सॉफ्टवेअर बंद करून परत सुरू केलं, फोटो नव्याने उतरवून घेतले, पुन्हा बटण दाबलं. आकार होता तिथेच. मग तिने राधाकिशनला फोन लावला. तो बीडमध्ये याच सॉफ्टवेअरचे क्लास घ्यायचा. तीही त्याच्याकडेच शिकली होती.

"राधाकिशन भाऊ, सॉफ्टवेअर गडबड करतंय. रिकाम्या जागेला माणूस समजतंय."

"हवा तापली की होतं ताई तसं कधी. एखादी फाइल पाठवा, माझ्या मशीनवर बघतो."

तिने पाचवा फोटो पाठवला. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला.

"अहो, काहीच गडबड नाही. दोन माणसं आहेत, दोन्ही बरोबर पकडलीत."

"भाऊ, फोटोत एकच बाई आहे."

पलीकडून माऊसचे आवाज येत होते. "मला पण एकच दिसतेय," तो म्हणाला. "पण खाली आकडा दोन येतोय. चुकत असेल ताई. मशीनच आहे शेवटी."

"तेच म्हणते मी," मंजुषा म्हणाली आणि फोन ठेवला.

ते बोलणं तिला पटलंही. या एआयला लाखो फोटो दाखवून शिकवलेलं असतं. म्हातारीच्या शेजारी म्हातारा असतोच, अशी सवय त्याला लागली असेल. ती उरलेले फोटो ओळीने उघडत गेली.

सहाव्यात आकार रतनबाईच्या अगदी खांद्याशी होता.

सातव्यात तो तिच्या अलीकडे, कॅमेऱ्याच्या बाजूला आला होता. सॉफ्टवेअर समोरचं गवतही धूसर करायचं. त्या धूसर गवतात दोन पायांएवढं गवत लख्ख दिसत होतं.

आठव्यात, नवव्यात तो मोठा होत गेला.

दहाव्यात त्याचं डोकं फोटोच्या वरच्या कडेबाहेर गेलं होतं. नुसती छाती आणि हात. उजवा हात किंचित उचललेला.

तिने अकरावा उघडला आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

मनोरा तसाच. पवनचक्क्यांची पाती तशीच. बाभळीचे काटेसुद्धा मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. तिने पुन्हा दाबलं. अडकलं वाटतं, ती स्वतःशीच म्हणाली. पण पडद्यावर खाली 'पूर्ण झाले' असं आलं होतं.

म्हणजे सॉफ्टवेअरने काम केलं होतं. धूसर करायला त्याला काही सापडलं नव्हतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत सगळी चौकट त्याला एकच माणूस वाटली होती.

एवढं मोठं माणूस दिसायला ते किती जवळ हवं, हे फोटोग्राफरला सांगावं लागत नाही.

तिने माऊसवरचा हात काढून घेतला. मग उठली, दुकानातले सगळे दिवे लावले आणि सातवा फोटो ब्रशने साफ करून छापायला घेतला. गिऱ्हाइकाचं काम गिऱ्हाइकाला वेळेवर मिळालं पाहिजे.

चौथ्या दिवशी दुपारी रतनबाई आली. चेहरा उजळला होता. तिचं बिऱ्हाड कळपासकट खाली गोदाकाठाला निघालं होतं. मुलगा आणि सून मेंढरं घेऊन मागून येत होते. तिने साफ केलेला फोटो हातात धरून पाहिला.

"ह्यो न्हाई. तो हसल्याला दाव."

"त्यात मागचं सगळं दिसतंय मावशी. मनोरा, पवनचक्क्या."

"दिसू दे. हायेतच की तितं."

मंजुषाने पडद्यावर अकरावा फोटो उघडला. रतनबाई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"ह्योच दे. ह्यात मी हलकी दिसती." मग दाराकडे नजर टाकून ती सावकाश म्हणाली, "तुला सांगू का? दोन वर्सं झाली, माझी मेंढरं मला जवळ येऊ देत न्हवती. मी मेंढवाड्यात शिरले की फाकायची. का म्हून, कुणाला कळंना. तू फोटू काढून गेलीस, त्याच सांजंला एक कोकरू आपल्या पायानं येऊन मांडीत निजलं."

मंजुषाने विचारलं, "दोन वर्षांपूर्वी काय झालं होतं?"

"कायबी न्हाई. त्या बाभळीखाली टेकले व्हते वाईच. उठले आन घरला आले."

मंजुषाने छापून दिलेला फोटो पदरात गुंडाळून घेऊन ती उठली. जाता जाता तिने मंजुषाच्या गालावरून हात फिरवला. तो हात तिथे जरा जास्तच वेळ रेंगाळला. "धीट हायेस तू. निभवशील," ती म्हणाली आणि तिची नजर टाळून पायरी उतरली.

तेवढ्यात कळप आला. दीडशेक मेंढरं, रस्ता भरून, एकमेकांच्या पाठीवर माना टाकत, उभ्या मोटारसायकलींना अंग घासत. रतनबाई त्यांच्यात शिरली. मेंढरं तिच्या लुगड्याला लगटून चालू लागली. तिला नीट बघावं म्हणून मंजुषा पायरी उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

डाव्या अंगाने मेंढरं तिच्या गुडघ्यांना घासून जात होती. त्यांची ऊब साडीतून लागत होती. उजवीकडे मात्र, हातभर अंतरावर, ती फाकत होती. मागून रेटा आला तरी अंग चोरून वळसा घेत होती. तिथे डांबरावर एका माणसापुरती जागा रिकामी होती.

मंजुषा दोन पावलं डावीकडे सरकली.

मेंढरं थबकली, आणि मग पुन्हा तिच्या उजवीकडे, हातभर अंतरावर, तेवढीच जागा सोडून फाकून जाऊ लागली.