मोजणीबाहेर

पडद्यावर दोन रेषा एकमेकींना छेदत होत्या. हिरवी यकृताची, निळी मूत्रपिंडांची. एक चढली की दुसरी कोसळे, आणि प्रत्येक फेरीत दरी अधिक खोल होई. पेशीतज्ज्ञ डॉ. अनुजा तांडेल सकाळपासून खुर्चीवर टेकल्या नव्हत्या. पुढची दरी शेवटची असणार होती, आणि ज्याच्या देहात ती उघडत होती तो माणूस काचेपलीकडच्या खाटेवर पत्ते पिसत बसला होता.

"या डॉक्टर, अजून आहे मी," प्रा. दिगंबर आजगावकर म्हणाले. आयुष्यभर संभाव्यतेचे गणित शिकवलेला हा माणूस विषारी अळंबी खाऊन इथे आला होता. अळंबी खाण्याजोगी समजून त्यांनी स्वतः निवडली होती, हे ते प्रत्येकाला आवर्जून सांगत.

"सर, मस्करी नको. तुमच्यात सोडलेल्या सर्वरूपी पेशी कुठल्याही अवयवाच्या होऊ शकतात. शरीर पेशी मोजतं, टंचाई असेल तिथून हाक देतं, आणि या तिकडे धावतात. पण यकृत भरलं की मूत्रपिंडांची हाक मोठी होते, आणि यकृतात बसलेल्याही उठून निघतात. का थांबत नाहीत, तेच कळत नाही."

"जोकर आहेत त्या. पोकर खेळता?"

"मेंढीकोट येतं."

"चालेल, बसा. पाच पानांचा डाव. जो डाव दुर्मीळ, तो वरचढ. तिकडी, म्हणजे एकाच किमतीची तीन पानं, दोन जोड्यांपेक्षा कमी वेळा येते, म्हणून ती वर. आता गड्डीत एक जोकर टाका, हव्या त्या पानाची जागा घेणारा. एक जोडी आणि जोकर हातात आला, तर तुम्ही काय मागाल?"

"तिकडी."

"सगळेच मागतात. मग तिकड्या दोन जोड्यांहून जास्त होतात. म्हणजे नियमाप्रमाणे दोन जोड्यांना वर चढवायला हवं. चढवलं. आता काय मागाल?"

"दोन जोड्या." अनुजांचा आवाज उतरला. "आणि मग त्या जास्त होतील."

"की पुन्हा उलटवा! अशा खेळात स्थिर क्रम नसतोच, हे सिद्ध करता येतं. माझं शरीर चुकत नाहीये, डॉक्टर. ते अगदी नियमाने मरतंय."

अनुजा उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. बाहेरचे ऊन काचेवर नुसते थरथरत होते. त्यालाही जणू कुठे बसावे ते सुचत नव्हते.

"मग खेळणारे काय करतात?"

"जोकरचे डाव मोजत नाहीत. क्रम अस्सल पानांवरून एकदाच ठरवायचा आणि तोच कायम. जोकर खेळतो, जिंकतो, पण मोजणीत नाही. लहानपणी लिंबूटिंबू असायचा ना? सगळ्यांबरोबर धावायचा, पण त्याला कुणी गडी धरायचं नाही."

अनुजा जागीच थबकल्या. "मौनावरण," त्या पुटपुटल्या. "पेशीवर प्रथिनाचं आवरण चढवता येईल. ती काम करेल, पण 'मी आले' असं शरीराला कळवणार नाही. शरीर फक्त मूळच्या पेशी मोजेल. टंचाई बदलणार नाही, म्हणून हाक बदलणार नाही, म्हणून बसलेली पेशी उठणार नाही."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघताय? वाटा पानं!"

देहातल्या सगळ्या सर्वरूपी पेशींवर आवरण चढवल्यावर चौथ्या दिवशी दोन्ही रेषा वर चढल्या आणि समांतर झाल्या. विसाव्या दिवशी प्राध्यापक घरी गेले.

तीन महिन्यांनी ते प्रयोगशाळेच्या दारात उभे होते. चेहऱ्यावर तुकतुकी होती.

"डॉक्टर, मी मरतोय."

अनुजांनी सगळ्या तपासण्या केल्या. "सर, तिशीतल्या माणसाचे असावेत असे आकडे आहेत."

"ते तुमचे आकडे. छातीत सारखं कुणीतरी धावतंय हो. प्रत्येक घास शेवटचा वाटतो. खुर्चीत बसलो की वाटतं, काहीतरी करायचं राहिलंय आणि वेळ संपली. बायको म्हणते, तुम्ही किती छान दिसताय."

अनुजा पडद्याकडे वळल्या आणि मग त्यांना ते उमगले. शरीर फक्त मूळच्या पेशी मोजत होते. त्या विषबाधेच्या दिवशी होत्या तेवढ्याच होत्या. त्याच्या लेखी तो दिवस अजून मावळला नव्हता. देह सावरला होता, पण ही बातमी देहालाच पोचली नव्हती, आणि टंचाईची हाक रक्तातून अखंड, पूर्ण ताकदीने घुमत होती.

"ती हाक दाबा."

"हाकेमुळेच पेशी जागेवर आहेत, सर. ती थांबली की त्या निघतील."

"आवरण काढलं तर?"

"तर शरीर त्यांना मोजेल. तुम्ही बरे झालात, हे त्याला कळेल." त्या अडखळल्या. "आठ दिवस अगदी शांत जातील. मग रेषा पुन्हा एकमेकींना छेदू लागतील. त्यानंतर दोन आठवडे, फार तर."

"पुन्हा आवरण?"

"एकदा उतरवलं की त्याच पेशीवर ते पुन्हा चढत नाही. नव्या दिल्या, तर जुन्या त्यांच्यासकट उधळतील."

प्राध्यापकांनी टेबलावरची, आवरण उतरवणाऱ्या औषधाची सुई उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली.

"आठ दिवस," ते म्हणाले. "नुसतं बसता येईल?"

"हो."

"झोप?"

"गाढ."

ते खोलीभर फिरत राहिले. अखेर दाराशी थांबून म्हणाले, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी ते आले, सुईकडे पाहत उभे राहिले, आणि तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशीही. वर्ष सरले तरी ते रोज येतात. तपासणी होते, प्रकृती उत्तम असल्याची नोंद होते, आणि मग लांब मार्गिकेत त्यांची पावले ऐकू येतात. दमदार, निरोगी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत.