सहावा निरोप

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. रिद्धी काउंटरवर पाय हलवत बसली होती, तेवढ्यात तिचा मोबाईल टिंग वाजला.

नवापुरात, जिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातेत, तिथं पुखराज शेठचं कोंबडीखाद्याचं दुकान. कॉम्प्युटर शिकून आलेल्या लेकीनं ऑर्डरसाठी वेबपेज केलं होतं, आणि त्यात जावास्क्रिप्टच्या चार ओळी गुपचूप घालून ठेवल्या होत्या. कुणाच्याही फोनवर पेज अडलं, की ती चूक आणि चौकटीत लिहिलेला मजकूर थेट रिद्धीच्या मोबाईलवर! एखाद्या खुळ्या फोननं दिवसभर पिडू नये म्हणून तिनं एक अटही घातली होती: एका फोनवरून दिवसाला पाचच चुका. उरलेल्या त्याच फोनात थांबतील, पुढे कधी पेज उघडलं की येतील. अट घातली आणि बाईसाहेब विसरूनही गेल्या.

'किती पोती'च्या चौकटीत आज कुणीतरी अक्षरात लिहिलं होतं, 'तीन पोती'. तिनं फोन लावला.

"आकडा लिखा. अक्षरं लिखी की पेज अडस."

पलीकडून पोराचा आवाज — "तुमले कसं कयनं?"

"मले आठून, दुकानमातून, सगळं दिखस."

"सगळं?... मंग मी कंगवा तरी फिराई लेतू!"

रिद्धी इतकी हसली की समोरचा हमाल वळून बघायला लागला.

बाजाराच्या दिवशी तो आला. स्टीफन. सीमेवरच्या डोंगरात त्याच्या घरची शेती, बाजूला कोंबड्यांची शेड. पोतं खांद्यावर घेताना मक्याची पिवळी भुकटी त्याच्या पापण्यांवर बसली. केस मात्र नीट विंचरलेले.

"आते दिखी ऱ्हायनं का?" त्यानं हळूच विचारलं. तिनं मान खाली घातली, पण उत्तर ओठांवर आलंच होतं.

त्यानंतर स्टीफननं कधी आकडा लिहिलाच नाही. 'आज हिरवी ओढणी?' — टिंग. 'कोंबडा बी तुन्हं नाव लेस...' — टिंग. दिवसाला दोन, फार तर तीन. दोन मिनिटांत दुरुस्त होणारी ती चूक रिद्धीनं जिवापाड जपली. उत्तर ती पेजवरच्या पिवळ्या पट्टीत द्यायची. 'नवा माल उद्या' म्हणजे उद्या मी दुकानात आहे. शेठजी लेकीच्या कामसूपणावर खूश! फोन करायची सोय नव्हती. जैन शेठची मुलगी, ख्रिस्ती शेतकऱ्याचा मुलगा... घरात सगळ्यांचे कान टवकारलेले असायचे.

मग सुरतेचं स्थळ आलं.

"रविवारले दुपारे पाव्हणा येणार शेतस," पोत्यांच्या आडून ती म्हणाली. "तू 'ये' म्हणशी, तर मी येसू. नही तर... त्यासले हो म्हणसू."

"रविवारले सकाळे सांगसू," तो म्हणाला.

रविवारी आठ वाजता टिंग. 'रिद्धी'. मग 'थांब...' मग 'सांगस —' मग 'कसं सांगू...' साडेनऊला 'तुन्हा पप्पा...'

आणि पुढे काही नाही.

दहा वाजले. अकरा. साडीच्या निऱ्यांत मोबाईल घट्ट धरून ती खिडकीशी उभी राहिली. बाहेर पाऊस भुरभुरत होता. पाच हा आकडा आपणच ठरवलाय, हे तिला आठवलंसुद्धा नाही. तो घाबरला, एवढंच तिच्या मनानं घेतलं. एक वाजता दारात गाडी थांबली. आई, सायरबाई, येऊन तिचा पदर सारखा करून गेली. विचारलं तेव्हा रिद्धी 'हो' म्हणाली, आणि तिच्या आत सगळं विझलं.

स्टीफन पुन्हा दुकानात आला नाही.

दोन महिन्यांनी एका सकाळी टिंग. टिंग. टिंग. टिंग. टिंग. त्याच फोनवरून!

'ये. मी स्टेशनवर शे. गुजरातकडला अर्धा बाकवर बठेल शे, तू महाराष्ट्रकडथून ये.'

'दोन तिकिटं काढी लिन्हात.'

'गाडी उनी.'

'एकलाच चढी ऱ्हायनू. सुखी ऱ्हाय.'

प्रत्येकापुढे वेळ होती. त्याच रविवारची, पावणेदहा ते साडेअकरा. फक्त शेवटचा निरोप आजचा होता: 'दोन पोती'.

तिनं लगेच त्या नंबरवर फोन लावला. बाईमाणसाचा आवाज आला.

"मी पारुबाई, स्टीफननी माय. पोऱ्या सुरतले कामवर गया, मांगला आठवडाले घर उना तवय हाऊ फोन मले दी गया. काय चुकनं का, बाई?"

"तुमनं काहीच नही चुकनं, मावशी. त्यान्हा... नवा नंबर शे का?"

"शे ना. पण तो म्हणे, दुकानवाला कोणलेच देऊ नको."

रिद्धीनं फोन ठेवला आणि पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन ओक्साबोक्शी रडली.

मग येऊन तिनं त्या अटीतले पाच खोडून हजार केले. पट्टीत लिहिलं, 'येते'.

"काय येतंय गं?" शेठजींनी विचारलं.

"काही नाही, पप्पा... माल."

माघात लग्न आहे. ती पट्टी अजून तशीच आहे. आकड्यात लिहा, असं तिनं पारुबाईला सांगितलेलं नाही. पंधरा दिवसांनी एकदा टिंग वाजतं, हातातलं टाकून ती धावते, आणि दर वेळी तिथं दोनच पोती असतात.